चार रुपये पगार, फिरकी फुकट

ठाण्याहून भिवंडीच्या रस्त्याला लागलं की कशेळी, काल्हेर, पूर्णा, राहनाळ ही गावं एकामागून एक येतात. रस्त्यावरून नजरेत भरतात ती गोदामं आणि कंटेनरच्या रांगा. गाव असतं मागे, आणि गावात कबड्डी असते. या पट्ट्यात एखाद्या चढाईपटूचं नाव व्हायला लागलं की घरचे एका बातमीची वाट पाहू लागतात: पोरगा रेल्वेत लागला. नाहीतर पोलिसांत, बँकेत, एखाद्या तेल कंपनीत.

लागला म्हणजे काय करतो? कागदावर तो कारकून असतो, तिकीट तपासनीस असतो, शिपाई असतो. प्रत्यक्षात वर्षातले कित्येक आठवडे शिबिरात आणि स्पर्धांत जातात. तो टेबलाजवळ नाही म्हणून कुणी हटकत नाही; संघ पहिल्या फेरीत हरला तर मात्र हटकतात. पगार एका कामाचा, अपेक्षा दुसऱ्या कामाची. हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणालाच त्यात वावगं वाटत नाही. मग खेळण्याचा पगार सरळ खेळण्याचा म्हणूनच का देत नाहीत?

याचं उत्तर शोधताना दोन माणसांपाशी जावं लागतं. एक ग्लासगोचा पाथरवट, दुसरे पुण्याच्या जिमखान्यात खेळपट्टीवर रोलर फिरवणारे पालवणकर बाळू. दोघांचा काळ जवळपास एकच. दोघांनाही खेळासाठी पैसे मिळाले आणि दोघांच्याही बाबतीत कागदावर वेगळंच काही होतं.

दगड न फोडणारा पाथरवट

फर्गस सूटर १८५७ मध्ये ग्लासगोत जन्मला. धंदा पाथरवटाचा, खेळ फुटबॉलचा. १८७८ मध्ये तो घर सोडून इंग्लंडमधल्या लँकेशायर परगण्यातल्या डार्वेन गावी आला. भिवंडीच्या माणसाला हा मुलूख परका वाटू नये. डार्वेन आणि शेजारचं ब्लॅकबर्न ही मागांची गावं, आणि ज्याला आपण लँकेशायर लूम म्हणतो तो माग याच भागातला.

डार्वेनमध्ये सूटरने थोडे दिवस दगड घडवले आणि मग हातोडी ठेवून दिली. इकडचा दगड फार कठीण आहे, ही त्याची सबब. काम नाही, तरी भाडं भरतोय, खातोपितोय आणि शनिवारी गावच्या संघातून खेळतोय, हे पाहून लोक काय ते समजले. पैसे घेऊन खेळणं इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनला मंजूर नव्हतं. आपल्याकडे पगडीच्या खोलीची पावती फाटते नाममात्र भाड्याची आणि खरी रक्कम हातातून हातात जाते. सूटरचा व्यवहार तसाच होता. पुढे बऱ्याच वर्षांनी त्यानेच सांगितलं की ठरलेला पगार असा नव्हता, गरज पडली की खजिनदाराला गाठायचं.

पण डार्वेनला ग्लासगोचाच माणूस का हवा होता? त्या काळी इंग्रज खेळाडू चेंडू पायात घेऊन एकटाच धावत सुटायचा आणि बाकीचे त्याच्या मागे धावायचे. चेंडू हुकला तर मागच्याने पकडायचा, एवढाच सांघिकपणा. स्कॉटलंडमध्ये चेंडू एकमेकांना देत पुढे न्यायची पद्धत रुजली होती. धावणाऱ्या माणसाला अडवता येतं, दोघांमधल्या मोकळ्या जागेतून सरकणाऱ्या चेंडूला अडवणं अवघड. ही विद्या पुस्तकातून येत नव्हती, ती जाणणारा माणूसच आणावा लागे. १८७९ मध्ये डार्वेनच्या गिरणी कामगारांनी एफए कपमध्ये ओल्ड इटोनियन्स या उमरावी शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या संघाला दोनदा बरोबरीत रोखलं. पहिल्या सामन्यात ते १–५ असे मागे होते, तिथून ५–५ केलं. प्रत्येक वेळी लंडन गाठायचं, तर खर्चासाठी गावाने वर्गणी काढली. तिसऱ्या सामन्यात ते हरले, पण देशभर बोलबाला झाला.

१८८० मध्ये सूटर शेजारच्या ब्लॅकबर्न रोव्हर्सकडे गेला. डार्वेनकर भडकले. त्यांचा राग रास्त होता, फक्त तो उघड बोलता येत नव्हता. ज्याला आपण पैसे देतच नव्हतो तो जास्त पैशांसाठी गेला, असं म्हणणार कसं? ब्लॅकबर्नने १८८४, १८८५ आणि १८८६ असा सलग तीनदा कप जिंकला आणि तिन्ही वेळा सूटर संघात होता.

पैसा आला कुठून?

गोष्टीचं खरं यंत्र इथे आहे. १८५० च्या ब्रिटिश कारखाना कायद्याने स्त्रिया आणि अल्पवयीन कामगारांना शनिवारी दुपारी दोननंतर कामाला लावायला बंदी केली. त्यांच्याशिवाय कापडगिरणी चालत नाही, तेव्हा पुरुषही सुटू लागले. अख्खं गाव एकाच वेळी मोकळं झालं आणि खिशात आठवड्याची मजुरी होती. कुणीतरी मैदानाला कुंपण घातलं, दारावर माणूस बसवला, आत यायचे काही पेनी घेतले. गर्दी कशाने वाढते? संघ जिंकला की. संघ कशाने जिंकतो? चांगल्या खेळाडूने. मग दारावरच्या पैशातला वाटा त्या खेळाडूला देणं हा क्लबसाठी साधा हिशेब होता.

नियमाला हा हिशेब फार काळ अडवता आला नाही. १८८४ मध्ये प्रेस्टन नॉर्थ एंड क्लबविरुद्ध तक्रार झाली. क्लबचा सर्वेसर्वा विल्यम सडेल, हाही गिरणीतलाच माणूस, त्याने पैसे देत असल्याचं सरळ कबूल केलं. प्रेस्टनला स्पर्धेतून काढलं. उत्तरेकडच्या क्लबांनी वेगळी चूल मांडायची धमकी दिली आणि जुलै १८८५ मध्ये असोसिएशनने पगारी खेळाडूला मान्यता दिली. गंमत म्हणजे ज्या स्कॉटलंडने हे खेळाडू पुरवले तिथे ही मान्यता १८९३ पर्यंत मिळाली नाही. तोवर तिथला चांगला खेळाडू दक्षिणेची गाडी पकडत राहिला.

दारावर पैसे जमले म्हणून पगार उघड झाला, हे लक्षात ठेवून पुण्याकडे वळू. इथे दार नव्हतं.

तीन रुपये, मग चार

पालवणकर बाळूंचा जन्म १८७६ चा, धारवाडचा. घर चर्मकार समाजातलं, मूळ कोकणातलं. पुण्याच्या लष्करी वातावरणात ते वाढले. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅट-बॉलवर ते आणि धाकटा भाऊ शिवराम खेळायला शिकले. पहिली नोकरी पारशी मंडळींच्या क्रिकेट क्लबात: खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा, अधूनमधून सभासदांना चेंडू टाकायचे. पगार महिना तीन रुपये. १८९२ च्या सुमारास ते गोऱ्यांच्या पूना जिमखान्यात गेले. तिथे चार रुपये. कामं तीच, वर जाळी उभारायची आणि टेनिस कोर्टाच्या रेषा आखायच्या.

एक दिवस एका साहेबाने त्यांना नेटमध्ये चेंडू टाकायला सांगितलं. त्यानंतर सगळे सांगू लागले. कॅप्टन जे. जी. ग्रेग हा तेव्हाचा हिंदुस्थानातला नावाजलेला गोरा फलंदाज. तो इतरांच्या तासभर आधी येऊन बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करी. बाळूंनी बाद केलं की ग्रेग आठ आणे देई, असं सांगतात. चार रुपये महिना मिळवणाऱ्याला एका बळीचे आठ आणे म्हणजे जवळजवळ चार दिवसांची मजुरी. हे बक्षीस खरंच दिलं गेलं असेल तर त्या काळच्या पुण्यात फिरकीची बाजारातली खरी किंमत तीच होती. बाकी सगळे रुपये रोलरचे.

बाळू डाव्या हाताने संथ फिरकी टाकत. असा चेंडू टप्पा पडला की उजव्या हाताच्या फलंदाजापासून बाहेर, पहिल्या स्लिपकडे वळतो. फलंदाज त्याच्या मागे बॅट नेतो आणि कड लागते. पण चेंडू नुसता वळून भागत नाही. तो किती उंच येतो, किती लवकर खाली बसतो, याची फसवणूक करावी लागते. एक चेंडू हातभर पुढे, पुढचा हातभर मागे, आणि दोन्ही वेळा हाताची हालचाल तीच. हे जमायला दोन गोष्टी लागतात: हजारो चेंडू टाकायची संधी आणि समोर चूक दाखवून देणारा फलंदाज. जिमखान्याने बाळूंना नकळत दोन्ही दिलं. तेही वर्षानुवर्षं. शिवाय खेळपट्टी ते स्वतः दाबत, तेव्हा ती कुठे ओली आहे आणि कुठे भुसभुशीत, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार?

बॅट कुणाच्या हातात

एक गोष्ट मात्र जिमखान्याने दिली नाही. बाळूंना नेटमध्ये फलंदाजी करू देत नसत. यात नुसता रंगभेद पाहिला तर अर्धंच दिसतं. क्रिकेटमध्ये श्रमाची वाटणी आधीपासून होती आणि ती इंग्लंडहून जशीच्या तशी आली होती. उन्हात दोनशे चेंडू टाकणं ही मजुरी, ते फटकावणं ही मौज. म्हणून इंग्लंडमध्ये गोलंदाजीचा भार पगारी खेळाडूंवर असे आणि देखण्या फलंदाजीचा मान हौशी ‘जंटलमन’ मंडळींकडे. दोघांची ड्रेसिंग रूम वेगळी, बरेचदा मैदानात उतरायचं फाटकही वेगळं. धावफलकावर हौशी खेळाडूच्या नावाची आद्याक्षरं आडनावाच्या आधी, पगारी खेळाडूची नंतर. १९५० मध्ये लॉर्ड्सवर छापील कार्डात फ्रेड टिटमस या पगारी खेळाडूची आद्याक्षरं चुकून पुढे पडली, तर ध्वनिक्षेपकावरून दुरुस्ती जाहीर केली गेली. ही वर्गवारी इंग्लंडमध्ये १९६२ च्या अखेरीस रद्द झाली.

हौशी म्हणजे फुकट खेळणारा, असंही समजू नये. डब्ल्यू. जी. ग्रेस हौशीच म्हणवून घेत. १८७३–७४ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी त्यांनी १,५०० पौंड घेतले. फरक पैसे घेण्या-न घेण्याचा नव्हता. घेतलेल्या पैशाला मानधन म्हणायचं की मजुरी, हे घेणाऱ्याच्या घराण्यावर ठरे.

आपल्याकडे या उतरंडीत आणखी एक पायरी होती, आणि ती साहेबाने आणलेली नव्हती. पुण्याच्या हिंदू संघाला गोऱ्यांना हरवायचं होतं आणि हरवू शकेल असा गोलंदाज त्याच गावात रोलर ओढत होता. त्याला घ्यायचं का, यावर वाद झाला. ज्या माणसाला सर्वांत जास्त चेंडू खेळायला मिळाले होते त्या ग्रेगने सुनावलं की याला बाहेर ठेवाल तर मूर्ख ठराल. बाळू संघात आले. मैदानावर त्यांनी टाकलेला चेंडू सगळे झेलत. चहाच्या वेळी मात्र त्यांना तंबूबाहेर, वापरून फेकायच्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. जेवणाचं ताट वेगळं.

इथे डार्वेनचीच चावी फिरलेली दिसते. तिथे गर्दी आणि कप, इथे गोऱ्यांवर मात करायची ईर्षा. स्पर्धा पुरेशी तिखट झाली की संघ माणसाची जात-पात, गाव, धंदा बाजूला ठेवून त्याचा हात बघतो. पण सीमारेषेपर्यंतच. तिच्या बाहेर जुने नियम चालू.

रेल्वेत लागले

१८९६ नंतर पुण्यात प्लेग आला आणि बाळू मुंबईला आले. इथे परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याने त्यांना खेळवलं. पण जिमखाना हा सभासदांचा क्लब. तो चरितार्थ चालवणार नव्हता. बाळूंना नोकरी मिळाली बी.बी.सी.आय. रेल्वेत, म्हणजे आजच्या पश्चिम रेल्वेत, आणि तिच्या संघातूनही ते खेळू लागले.

राहनाळच्या चढाईपटूचं कोडं इथे सुटतं. लँकेशायरमध्ये प्रेक्षकाने दारावर पैसे दिले, ते क्लबकडे गेले, क्लबने खेळाडूला दिले. मुंबईच्या मैदानांवर मोठ्या सामन्यांना हजारोंची गर्दी होई, पण बरीचशी कुंपणाबाहेर, झाडांवर, फुकट. जिमखान्यांना खेळ विकायचा नव्हता, मिरवायचा होता. प्रेक्षकाच्या खिशातून खेळाडूच्या खिशात जाणारी वाट तयारच झाली नाही. मग पैसा कुणाकडून येणार? ज्याला संघाची प्रतिष्ठा हवी आणि ज्याच्याकडे पगारपत्रक आहे त्याच्याकडून: संस्थानिक, रेल्वे, गिरण्या, पुढे बँका आणि तेल कंपन्या. कोल्हापुरात शाहू महाराजांनी मल्लांना पोसलं ते याच वाटेने. पण कंपनीच्या पगारपत्रकात ‘खेळाडू’ असा हुद्दा नसतो. कारकुनाचा असतो.

कबड्डीने हीच व्यवस्था उचलली. महाराष्ट्रातल्या स्पर्धांत कंपन्यांच्या संघांचा गट वेगळा असतो आणि त्याला ‘व्यावसायिक गट’ म्हणतात. भारत पेट्रोलियम, मध्य रेल्वे, महिंद्र, मुंबई पोलीस हे संघ त्यातले. राज्य शासनाच्या नोकऱ्यांतही खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. व्यवस्थेचा फायदा स्पष्ट आहे: गुडघा गेला तरी नोकरी राहते. सूटरच्या पिढीतल्या फुटबॉलपटूला हे सुख नव्हतं. तोटाही आहे. खेळ किती चांगला यापेक्षा जागा किती रिकाम्या यावर पोराचं भवितव्य ठरतं.

२०१४ मध्ये प्रो कबड्डी आली आणि प्रेक्षकाचा पैसा, या वेळी टीव्हीच्या जाहिरातींतून फिरून आलेला, पहिल्यांदा थेट खेळाडूपर्यंत पोहोचला. चारच वर्षांत, २०१८ च्या लिलावात, मोनू गोयतवर १ कोटी ५१ लाखांची बोली लागली आणि मुंबईच्या रिशांक देवाडिगाने १ कोटी ११ लाख मिळवले. लँकेशायरला जे १८८५ मध्ये झालं ते कबड्डीत व्हायला सव्वाशेवर वर्षं गेली. माझ्या मते यात खेळाडूंच्या दर्जाचा काही संबंध नाही. दारावर माणूस कधी बसला, एवढाच प्रश्न आहे.

[चौकट] बाळूंची कारकीर्द, थोडक्यात
प्रथम श्रेणीचे सामने ३३, बळी १७९, सरासरी १५.२१. फलंदाजीत ७५३ धावा. पहिला प्रथम श्रेणी सामना खेळले तेव्हा वय तिशीच्या आसपास, म्हणजे ऐन उमेदीची दहाएक वर्षं या आकड्यांत नाहीत. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात सर्व सामने मिळून ११४ बळी.
शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे तिघे धाकटे भाऊही मोठ्या स्पर्धांत खेळले.

महाराज कर्णधार, बाळू गोलंदाज

फेब्रुवारी १९०६ मध्ये बॉम्बे जिमखान्यावर हिंदू आणि युरोपियन संघ भिडले. हिंदू २४२ आणि १६०, युरोपियन १९१ आणि १०२; हिंदू १०९ धावांनी जिंकले. संघात बाळू आणि शिवराम दोघेही होते. ज्या मैदानाच्या क्लबात हिंदी माणसाला सभासद म्हणून प्रवेश नव्हता तिथे हा निकाल लागला.

१९११ मध्ये पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. कर्णधार पतियाळाचे तरुण महाराज भूपिंदर सिंग. महाराज थोडेच सामने खेळले. त्यांची बाकीची व्यवधानं मोठी होती. संघ २३ पैकी १५ सामने हरला. त्या पडझडीत पस्तिशीचे बाळू दुखरा खांदा घेऊन एका टोकाकडून टाकत राहिले. लीस्टरशरला हरवलं तेव्हा ११ बळी त्यांचे होते. परतल्यावर मुंबईत दलित समाजाने त्यांचा जाहीर सत्कार केला.

कर्णधारपद मात्र नाही. इंग्लंडमध्ये पगारी खेळाडू कर्णधार होत नसे. नोकराने धन्यांना क्षेत्ररचना कशी सांगायची, ही त्यामागची अडचण. इथे त्याच्या जोडीला जात. हिंदू, पारशी, मुस्लिम आणि युरोपियन संघांच्या चौरंगी सामन्यांसाठी कर्णधार नेमलेले एम. डी. पै यांनी तर हा मान अनुभवाने बाळूंचा होता, असं जाहीरपणे म्हटलं. १९२० मध्ये बाळूंना पुन्हा डावललं गेलं तेव्हा त्यांचे भाऊ शिवराम आणि विठ्ठल यांनी संघातून माघार घेतली. गांधींच्या असहकाराचं ते वर्ष. मैदानावरचा असहकारही लोकांना लगेच कळला. निवड समिती नमली. अंतिम सामन्याला बाळू उपकर्णधार झाले, पण तोवर ते चव्वेचाळिशीत होते आणि कारकीर्द संपली होती. कर्णधार झाला तो विठ्ठल, १९२३ मध्ये, आणि त्या वर्षी हिंदू संघाने चौरंगी स्पर्धा जिंकली. इंग्लंडच्या निवडकर्त्यांना विसाव्या शतकात पगारी खेळाडूला, लेन हटनला, कायम कर्णधार नेमायला १९५२ उजाडलं.

बाळू पुढे राजकारणात आले. १९३२ च्या पुणे करारावर सह्या करणाऱ्यांत त्यांचं नाव आहे. १९३७ च्या मुंबई विधिमंडळाच्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना भायखळा–परळ भागातून उभं केलं, थेट डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविरुद्ध. तरुण आंबेडकरांना बाळूंच्या खेळाचा अभिमान होता. आता दोघांच्या वाटा फार लांब गेल्या होत्या. आंबेडकरांना १३,२४५ मतं पडली, बाळूंना ११,२२५. बाबासाहेबांसारखा उमेदवार समोर असताना गिरणगावात एवढी मतं काँग्रेसच्या नावावर पडली की तीस वर्षांपूर्वी कुंपणाबाहेरून पाहिलेल्या गोलंदाजीवर, हे मतपेटीतून वेगळं काढता येत नाही.